करसल्ला : आधी कलम वाचा, मग माफी मागा

कर भरायची तयारी आहे, पण त्यावर चढलेला दंड तरी माफ व्हावा, अशा आशयाची पत्रे या वेळी सर्वाधिक आली. त्यांतले आठ प्रश्न निवडले आहेत. एक गोष्ट आधीच सांगायला हवी. १ एप्रिल २०२६ पासून आयकर अधिनियम २०२५ लागू झाला असला, तरी त्यापूर्वी सुरू झालेल्या वर्षांच्या थकबाकीला १९६१ चाच कायदा लागू राहतो. म्हणून आयकराच्या उत्तरांत जुनीच कलमे दिली आहेत. जुन्या वर्षांच्या नोटिशीवर तुम्हाला तीच दिसतील.

प्रश्न : मी पगारदार आहे. दोन फ्लॅटचे भाडेही येते, पण त्यावर आगाऊ कर भरला नाही आणि ३१ जुलैची मुदतही चुकली. टीडीएस (आधीच कापला गेलेला कर) वजा जाता ६०,००० रुपये कर निघतो. विवरणपत्र डिसेंबरमध्ये भरेन. लागणारा दंड माफ करून घेण्यासाठी कुणाकडे अर्ज करू?

तुमच्या हिशोबात कायद्याच्या भाषेतला दंड एक रुपयाचाही नाही. जे आहे ते विलंब शुल्क आणि व्याज. माफीचा विचार करताना सगळ्यात आधी हा फरक बघावा लागतो. दंड लावण्यापूर्वी अधिकाऱ्याला कारणे दाखवा नोटीस काढावी लागते, तुमचे म्हणणे ऐकून घ्यावे लागते, आणि अनेक कलमांत सबळ कारण पटले तर दंड लागतच नाही. शुल्क आणि व्याज आपोआप चढते. ते सोडून देण्याचा अधिकार तुमच्या करनिर्धारण अधिकाऱ्याला नाही, त्यामुळे त्याच्याकडे विनंती अर्ज करून वेळ घालवू नका.

तुमचा आकडा मांडू. कलम २३४एफचे शुल्क ५,००० रुपये (एकूण उत्पन्न ५ लाखांपर्यंत असते तर १,०००). विवरणपत्र उशिरा भरल्याबद्दल कलम २३४एचे व्याज ऑगस्ट ते डिसेंबर, पाच महिने, दरमहा १ टक्का : ३,००० रुपये. आगाऊ कर न भरल्याबद्दल कलम २३४बीचे एप्रिल ते डिसेंबर, नऊ महिने : ५,४०० रुपये. आगाऊ कराचे चारही हप्ते चुकल्याबद्दल कलम २३४सीचे ३,०३० रुपये. सगळे मिळून १६,४३० रुपये, म्हणजे भरायचे ७६,४३०.

इथे बहुतेक जण एक चूक करतात. ‘मूळ कर आधी भरून टाकू, व्याजाचे नंतर बघू’ म्हणून ६०,००० चेच चलन भरतात. कलम १४०ए प्रमाणे ती रक्कम आधी शुल्कात जिरते, मग व्याजात, आणि उरलेली करात. तुमचे ६०,००० भरले तर करापोटी फक्त ४३,५७० जमा होतील, १६,४३० कर थकीत राहील आणि त्यावर पुन्हा व्याज सुरू होईल.

विवरणपत्र तयार व्हायला वेळ लागणार असेल, तरी पैसे आजच भरा. महिन्याचा एक दिवसही पूर्ण महिना धरला जातो, त्यामुळे ३० तारखेला भरणे आणि पुढच्या १ तारखेला भरणे यात एका महिन्याच्या व्याजाचा फरक पडतो. पुढच्या वर्षासाठीही एक लक्षात ठेवा : विवरणपत्राच्या मुदतीआधी जेवढा कर भरला, तेवढ्यावर २३४एचे व्याज लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये हे स्पष्ट केले आणि केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने २०१५ च्या परिपत्रकात ते मान्य केले. कागदपत्रे अपुरी असली तरी अंदाजाने कर भरून ठेवणे फायद्याचे ठरते, ते यामुळे. चलन भरताना स्वयंनिर्धारण कराचा ३०० हा मायनर हेड (भरण्याच्या प्रकाराचा क्रमांक) निवडा. मागणी नोटिशीची रक्कम भरताना तो ४०० असतो. हेड किंवा असेसमेंट इयर (उत्पन्नाच्या वर्षानंतरचे, कर आकारणीचे वर्ष) चुकले की पैसे जमा असूनही थकबाकी तशीच दिसते, आणि पोर्टलवरून चलन दुरुस्तीची मुदत अगदी थोड्या दिवसांची असते.

२३४ए, बी, सीचे व्याज कमी करण्याचा अधिकार मुख्य आयुक्तांना आहे, मंडळाच्या २६ जून २००६ च्या आदेशाने. पण तो ठरावीक प्रसंगांपुरता : छाप्यात वह्या जप्त झाल्यामुळे विवरणपत्र भरता आले नाही, कायदा पूर्वलक्षी प्रभावाने बदलला, टाळता न येण्याजोग्या परिस्थितीमुळे विवरणपत्र लांबले, असे. भाड्याचे लक्षात राहिले नाही, हे त्यात बसत नाही.

३१ डिसेंबर मात्र चुकवू नका. त्यानंतर उरते ते कलम १३९(८ए) चे अद्ययावत विवरणपत्र, आणि त्यात कर व व्याजाच्या बेरजेवर २५ टक्के जादा कर द्यावा लागतो. असेसमेंट इयर संपल्यापासून एक वर्ष उलटले की तो ५० टक्के, मग ६०, चौथ्या वर्षी ७०. त्यातून परतावाही मागता येत नाही.

प्रश्न : माझ्या यजमानांचा छोटा कारखाना आहे. २,४०,००० रुपयांच्या कराची मागणी नोटीस १० जूनला मिळाली. २० जूनला त्यांना पक्षाघाताचा झटका आला. पैसे १४ जानेवारीला भरले. आता १६,८०० रुपये व्याज मागत आहेत. हे माफ होईल का?

होऊ शकते, आणि तुमच्या प्रकरणात प्रयत्न जरूर करावा असे आमचे स्पष्ट मत आहे. हे व्याज कलम २२०(२) चे. नोटीस मिळाल्यापासून ३० दिवसांची मुदत १० जुलैला संपली. ११ जुलैपासून १४ जानेवारीपर्यंत सात महिने (शेवटचा तुकडाही पूर्ण धरून), दरमहा १ टक्का, म्हणून १६,८००. हिशोब बरोबर आहे. माफीची तरतूद लगेच पुढच्या २२०(२ए) मध्ये आहे.

तीन अटी आहेत आणि तिन्ही पुऱ्या व्हाव्या लागतात. व्याज भरल्याने खरी आर्थिक अडचण झाली किंवा होईल. कर वेळेत न भरणे तुमच्या आवाक्याबाहेरच्या कारणामुळे घडले. आणि करनिर्धारणात व वसुलीत तुम्ही खात्याला सहकार्य केले. अर्ज फेटाळले जातात ते बहुधा दुसरी अट तीन पाने रंगवून पहिली आणि तिसरी विसरल्यामुळे. आजारपणाची फाइल जाडजूड असते, पण त्या काळात बँकेत किती शिल्लक होती याचा एक कागद नसतो.

अर्ज प्रधान आयकर आयुक्तांच्या नावे करायचा. ४ नोव्हेंबर २०२४ च्या परिपत्रकानुसार ५० लाखांपर्यंतच्या व्याजाचा निर्णय प्रधान आयुक्त किंवा आयुक्त घेतात, त्यावर दीड कोटीपर्यंत मुख्य आयुक्त, त्याहून जास्त असेल तर प्रधान मुख्य आयुक्त. तुमचे अधिकारक्षेत्र पोर्टलवर पॅन टाकून कळते. अर्जाचा ठरावीक नमुना नाही, साध्या कागदावर चालतो. मजकूर साधारण असा असावा :

“मागणी नोटीस दि. १० जून रोजी मिळाली. दि. २० जून रोजी मला पक्षाघाताचा झटका आला. दि. २० जून ते १४ जुलै रुग्णालयात दाखल होतो (डिस्चार्ज कार्ड, जोडपत्र १). उजवा हात निकामी झाल्याने नोव्हेंबरअखेरपर्यंत सही करता येत नव्हती (डॉक्टरांचे प्रमाणपत्र, जोडपत्र २). बँक खाते एकट्याच्या नावे असून दुसऱ्या कुणास सहीचा अधिकार नव्हता (बँकेचे पत्र, जोडपत्र ३). डिसेंबरमध्ये कारखाना पुन्हा सुरू झाला, दि. १२ जानेवारी रोजी ग्राहकाकडून येणे जमा झाले व दि. १४ जानेवारी रोजी संपूर्ण मूळ कर भरला (बँक उतारा व चलन, जोडपत्र ४ व ५).”

प्रत्येक वाक्याला तारीख आहे आणि प्रत्येक तारखेला कागद आहे, हे बघा. रुग्णालयातले दिवस २५ आणि उशीर सहा महिन्यांचा, मग बाकीच्या महिन्यांचे काय, हा प्रश्न अधिकारी विचारणारच. त्याचे उत्तर महिनावार अर्जातच द्या. अडचणीसाठी जून ते जानेवारीचे सर्व खात्यांचे उतारे, उपचाराची बिले, कारखान्याची त्या काळातली विक्री आणि कर्जाचे हप्ते दाखवा. मालमत्ता नावावर आहे म्हणून अडचण नाही, असे सरसकट म्हणता येत नाही, बी. एम. मलानी प्रकरणात २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितले आहे. सहकार्यासाठी आधीच्या नोटिशींना दिलेल्या उत्तरांच्या पोर्टलवरील पोचपावत्या पुरतात.

अर्ज मिळाला तो महिना संपल्यापासून १२ महिन्यांत आदेश काढणे बंधनकारक आहे आणि फेटाळण्यापूर्वी सुनावणी द्यावी लागते. कार्यालयात हाती दिलात तर दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय परत येऊ नका. पूर्ण नाही तर काही अंशी माफीही मिळू शकते, तेव्हा अर्जात ‘पूर्णतः, अथवा पर्यायाने अंशतः’ असे लिहा.

ज्यांची नोटीस ताजी आहे त्यांच्यासाठी : पैसे नाहीत हे दिसत असेल, तर ३० दिवस संपण्याच्या आत कलम २२०(३) खाली मुदतवाढ किंवा हप्ते मागा. व्याज थांबत नाही, पण तुम्ही ‘कसूरदार’ ठरत नाही आणि कलम २२१ चा वेगळा दंड टळतो. तो दंड थकीत कराइतका असू शकतो. मागणीच मान्य नसेल आणि अपील केले असेल, तर वादग्रस्त रकमेच्या २० टक्के भरून उरलेल्या वसुलीला स्थगिती मागण्याची रीत आहे.

प्रश्न : करनिर्धारणात मुदत ठेवींचे व्याज कमी दाखवल्याचे निघाले. चूक मान्य आहे. आदेशात कलम २७०ए खाली दंडाची कारवाई सुरू केल्याचे लिहिले आहे. सीए अपील करू म्हणतात. काय करावे?

आदेशात ‘कमी उत्पन्न दाखवले’ असे म्हटले आहे की ‘चुकीचे उत्पन्न दाखवले’, हे आधी शोधा. पहिल्या प्रकारात दंड कराच्या ५० टक्के, दुसऱ्यात २०० टक्के. पहिला प्रकार असेल आणि चूक खरोखर तुमची असेल, तर अपील करू नका. कलम २७०एए खाली दंडातून पूर्ण मुक्तता मिळते, फक्त ती मागावी लागते.

अटी अशा : आदेशातला कर व व्याज मागणी नोटिशीच्या मुदतीत भरणे, त्या आदेशाविरुद्ध अपील न करणे, आणि आदेश मिळाला तो महिना संपल्यापासून एक महिन्यात फॉर्म ६८ भरणे. समजा आदेश आणि नोटीस १२ ऑगस्टला मिळाली. पैसे ११ सप्टेंबरपर्यंत, फॉर्म ६८ सप्टेंबरअखेरपर्यंत. दोन वेगळ्या तारखा आहेत. फॉर्म वेळेत जातो आणि पैसे १५ सप्टेंबरला भरले जातात, मग चार दिवसांसाठी मुक्तता हुकते, असे होऊ देऊ नका. सगळी रक्कम भरा, शंभर रुपयेही बाकी नकोत. अटी पुऱ्या असतील तर अधिकाऱ्याला अर्ज मंजूर करावाच लागतो. अर्जाचा महिना संपल्यापासून तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो.

अर्ज फेटाळला गेला तर अपिलाचा मार्ग बंद होत नाही. अर्ज केल्यापासून नकाराचा आदेश मिळेपर्यंतचा काळ अपिलाच्या मुदतीतून वगळला जातो. मंजूर झाला तर मात्र त्या आदेशावर अपील करता येत नाही. म्हणून आदेशात ठेवींच्या व्याजाखेरीज तुम्हाला अमान्य असलेली मोठी भर असेल, तर दोन्ही आकडे समोर मांडून मगच ठरवा.

‘चुकीचे उत्पन्न दाखवले’ असा शिक्का असेल तर ही मुक्तता याच अटींवर मिळत नाही. पण ते नेमके कोणत्या कारणाने, कायद्यातल्या कोणत्या खंडाखाली, हे आदेशात लिहिलेले नसेल तर उत्तरात तो मुद्दा जरूर घ्या.

२७३ए हे आणखी एक कलम आहे. खात्याच्या लक्षात येण्याआधी स्वतःहून उत्पन्न उघड केले असेल, तर प्रधान आयुक्त दंड कमी किंवा माफ करू शकतात. ही सवलत आयुष्यात एकदाच मिळते. छोट्या दंडासाठी ती खर्चून टाकू नका.

प्रश्न : माझे किरकोळ विक्रीचे दुकान आहे, वार्षिक उलाढाल सुमारे ९० लाख. चार महिन्यांचे जीएसटीआर-३बी (जीएसटीचे मासिक विवरणपत्र) राहिले आहेत. लेट फी माफ होते असे ऐकले. खरे आहे का?

वैयक्तिक अर्जावर नाही. जीएसटीतले विलंब शुल्क कलम १२८ खाली शासन अधिसूचना काढून सर्वांसाठी माफ करते, एकट्या व्यापाऱ्याला माफी देण्याचा अधिकार तुमच्या अधिकाऱ्याला नाही. २०१७-१८ ते २०१९-२० या वर्षांसाठी कलम १२८ए ची व्याज व दंड माफीची योजना आली होती. तिच्यासाठी कर ३१ मार्च २०२५ पर्यंत भरायचा होता. ती संपली.

पण तुमची लेट फी वाटते तेवढी नाही. दिवसाला ५० रुपये (केंद्र २५, राज्य २५), आणि दीड कोटीपर्यंतच्या उलाढालीला प्रत्येक विवरणपत्रामागे कमाल २,००० रुपये. चाळीस दिवसांत ही मर्यादा गाठली जाते, पुढे वाढत नाही. म्हणजे चारांचे जास्तीत जास्त ८,०००. निरंक महिन्याला दिवसाला २० आणि कमाल ५०० रुपये.

खरी काळजी व्याजाची आणि क्रेडिटची (खरेदीवर भरलेल्या कराच्या वजावटीची) करा. व्याज वर्षाला १८ टक्के, पण ते रोखीने भरायच्या भागावरच. समजा एका महिन्याचा कर ५२,००० आणि इनपुट टॅक्स क्रेडिट ४०,०००. रोख भरायचे १२,०००. साठ दिवसांचे व्याज ३५५ रुपये होते. नोटिशीत ५२,००० वर लावून १,५३९ मागितले असतील तर हरकत घ्या. हा लाभ, कारवाई सुरू होण्याआधी विवरणपत्र भरले तरच मिळतो. आणि वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपुढे (वार्षिक विवरणपत्र आधी भरले असेल तर त्या तारखेपुढे) त्या वर्षाचे क्रेडिट घेताच येत नाही. तिथे ४०,००० चा फटका आहे, २,००० चा नव्हे.

पैसे आहेत पण बिले जुळवायची राहिली आहेत, असे असेल तर मुदतीच्या तारखेआधी रक्कम कॅश लेजरमध्ये (जीएसटी पोर्टलवरच्या रोख खात्यात) टाकून ठेवा. जुलै २०२४ पासून नियम ८८बी मध्ये सोय आहे : मुदतीपूर्वी लेजरमध्ये पडलेली आणि विवरणपत्र भरताना वापरलेली रक्कम व्याजातून वगळली जाते.

३बी मध्ये तुम्ही स्वतः दाखवलेल्या कराला हप्ते मिळत नाहीत. कलम ८० चे हप्ते (फॉर्म डीआरसी-२०, कमाल २४) इतर मागणीसाठी आहेत, तेही रक्कम २५,००० पेक्षा कमी नसेल तर. एक हप्ता चुकला की उरलेली सगळी रक्कम एकदम देय होते. विवरणपत्र न भरल्यामुळे एएसएमटी-१३ चा एकतर्फी आदेश आला असेल, तर ६० दिवसांत ते विवरणपत्र भरा, आदेश आपोआप रद्द समजला जातो. व्याज आणि लेट फी द्यावीच लागते. असा आदेश हातात असलेल्यांनी अपिलाच्या नादी लागण्याआधी हे करावे.

प्रश्न : लेखापाल मध्येच काम सोडून गेला, संगणकातल्या नोंदी नष्ट झाल्या आणि टॅक्स ऑडिटचा अहवाल ४० दिवस उशिरा गेला. उलाढाल १ कोटी ६० लाख. ८०,००० रुपये दंडाची नोटीस आहे.

कलम २७१बी : उलाढालीच्या अर्धा टक्का किंवा दीड लाख, यांतले जे कमी ते. म्हणून ८०,०००. हा खरा दंड आहे आणि त्याला कलम २७३बी लागू होते, म्हणजे वाजवी कारण सिद्ध झाले तर दंड लागत नाही. तुमचे कारण चांगले आहे. ते सिद्ध करता आले पाहिजे, एवढेच.

लेखापालाचा राजीनामा किंवा शेवटच्या पगाराची नोंद, नव्याच्या नेमणुकीची तारीख, संगणक दुरुस्तीचे बिल व त्यावर तंत्रज्ञाने लिहिलेला दोष, नोंदी पुन्हा भरायला लागलेला काळ, ऑडिटरशी झालेले ईमेल. हे सगळे एका तारीखवार तक्त्यात मांडा. संगणक ऑगस्टमध्ये बिघडला आणि दुरुस्तीला नोव्हेंबरमध्ये दिला, असे दिसले तर कारण तिथेच गळून पडते. कर वेळेत भरला होता आणि उशिराने खात्याचे नुकसान झाले नाही, हे जोडा, पण त्यावरच विसंबू नका. ‘कामाचा ताण होता’ हे वाक्य अजिबात लिहू नका, ते सगळ्यांनाच असते. कारवाई फेसलेस असते. उत्तर पोर्टलवरच द्या आणि व्हिडिओ सुनावणी हवी असल्याचे त्याच उत्तरात नोंदवा.

याच पत्रात तुम्ही टीडीएस विवरणपत्राच्या दिवसाला २०० रुपयांबद्दल विचारले आहे. ते कलम २३४ई चे शुल्क आहे, टीडीएसच्या रकमेइतकी त्याची कमाल मर्यादा. २७३बी तिथे चालत नाही. लेखापाल गेल्याचे कारण एका ठिकाणी दंड वाचवते आणि दुसऱ्या ठिकाणी उपयोगी पडत नाही, ते यामुळे.

प्रश्न : महानगरपालिकेची घरपट्टी चार वर्षे थकली आहे. अभय योजना येईपर्यंत थांबावे का?

थांबू नये. महाराष्ट्रातल्या महानगरपालिकांत थकीत मालमत्ता करावर दरमहा २ टक्के शास्ती लागते. २५,००० थकीत असतील तर महिन्याला ५०० रुपये, चार वर्षांत २४,०००, म्हणजे जवळपास मुद्दलाइतकेच. अभय योजना येते तेव्हा शास्तीतला ठरावीक हिस्सा माफ होतो, मूळ कर नाही. आणि ती कधी येईल, किती टक्के असेल, हे तेव्हाच्या ठरावावर अवलंबून. आता मूळ कराइतकी रक्कम हाती असेल तर कर विभागात जाऊन वर्षवार थकबाकीचा उतारा काढा : मूळ कर किती, शास्ती किती, नोटीस व वॉरंट खर्च किती. आणि भरलेले पैसे आधी कशात वळते करणार, ते विचारून मगच पावती फाडा.

राष्ट्रीय लोक अदालतीची तारीख जवळ असेल तर तिथे प्रकरण ठेवायला सांगा. त्या निमित्ताने महापालिका अनेकदा शास्तीत सूट जाहीर करतात. तडजोड झाली की ती अंतिम, त्यावर अपील नाही, म्हणून सही करण्याआधी आकडे उताऱ्याशी ताडून पाहा.

आकारणीच चुकली असेल, म्हणजे क्षेत्रफळ जास्त धरले किंवा राहत्या घराला बिगरनिवासी दर लावला, तर तो वाद शास्तीच्या अर्जात मिसळू नका. त्याची हरकत वेगळी, मुदत वेगळी. मोजमापाचा नकाशा आणि वीजबिल जोडून दुरुस्तीचा अर्ज द्या. आकारणी दुरुस्त झाली की चुकीच्या करावरची शास्तीही कमी करून मागता येते, आणि कोणत्याही योजनेपेक्षा ही सूट मोठी निघू शकते.

प्रश्न : वडील वारले. त्यांच्या नावे आयकराची मागणी आहे. ती मला माझ्या पगारातून भरावी लागेल का?

नाही. कलम १५९ प्रमाणे वारसाची जबाबदारी मिळालेल्या मालमत्तेपुरतीच आहे. पण मागणी डोक्यावर असताना ती मालमत्ता विकून टाकली, तर त्या रकमेपुरते तुम्ही व्यक्तिशः जबाबदार ठरता. आधी पोर्टलवर कायदेशीर वारस म्हणून नोंदणी करा : मृत्यू दाखला, दोघांचे पॅन, आणि वारस दाखला किंवा नोंदणीकृत मृत्युपत्र. मग वडिलांच्या खात्यातून मागणीला उत्तर देता येईल. २२०(२ए) चा अर्जही वारस करू शकतो. शेवटच्या आजारपणाचे कागद सांभाळून ठेवा.

प्रश्न : असेसमेंट इयर २००९-१० ची १८,४०० रुपयांची मागणी अजून पोर्टलवर दिसते. नोटीस कधी मिळाल्याचे आठवत नाही. या वर्षीचा परतावा त्यात वळता करू म्हणतात.

ही मागणी बहुधा रद्दच व्हायला हवी. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या १३ फेब्रुवारी २०२४ च्या आदेशाने ३१ जानेवारी २०२४ रोजी प्रलंबित असलेल्या छोट्या मागण्या सोडून दिल्या : असेसमेंट इयर २०१०-११ पर्यंत प्रत्येक नोंदीस २५,००० रुपयांपर्यंत, २०११-१२ ते २०१५-१६ साठी १०,००० पर्यंत, एका करदात्याला एकूण एक लाखापर्यंत. टीडीएस कापणाऱ्यांवरच्या मागण्या यात नाहीत.

परतावा वळता करण्यापूर्वीची कलम २४५ ची सूचना आली असेल तर २१ दिवसांत उत्तर द्या. ‘थकबाकी मागणीस प्रतिसाद’ या पानावर ‘मागणी मान्य नाही’ निवडा, कारणात त्या आदेशाची तारीख लिहा, आणि त्या वर्षीचे चलन किंवा फॉर्म १६ हाती असेल तर तेही चढवा. उत्तर दिले नाही तर मागणी मान्य समजून परतावा कापला जातो. घाईघाईत ‘मान्य आहे’वर क्लिक करू नका, तो पर्याय एकदा दिला की मागे घेता येत नाही.